पळीच्या ठोक्यावर चालणारी बोट

माझा भाऊ लेम्युएल क्वाशी फार चांगला माणूस, असं हल्ली गावात सगळे म्हणतात. माणूस एकदा हातपाय गाळून पायरीवर बसला की लोकांना तो चांगला वाटायला लागतो. मी त्याच्या पाठची बहीण, क्लोटिल्डा. सहा वर्षांनी धाकटी, आणि सगळा जन्म त्याच्या ताटाखालचं मांजर होऊन राहिलेली. मला विचाराल तर लेम कप्तान चांगला होता. माणूस म्हणून मेला निखारा होता, हात लावला की भाजायचा.

कॅरिआकू बेटाच्या वाऱ्याकडच्या अंगाला आमचं गाव. इथे बोटी कागदावर काढून बांधत नाहीत. किनाऱ्यावर झाडाखाली बोटीचा कणा टाकतात आणि नुसत्या नजरेनं मापून एकेक फासळी चढवतात. आमचा बाप तशाच बांधायचा, लेमही त्याच्याकडे बघून शिकला. शाळा त्यानं आपण होऊन सोडली. मला मात्र सोडायला लावली. मी बारा वर्षांची होते, आकड्यांत हुशार होते, मास्तरीणबाई घरी येऊन सांगून गेली होती. लेम म्हणाला, "हिला वाचून काय कप्तान व्हायचंय? शेगडी कोण पेटवणार?" बाप समुद्रावर, आई त्याच्या होला हो करणारी. दुसऱ्या दिवसापासून बोटीवरची शेगडी माझ्याकडे आली ती कायमची.

पुढे त्यानं स्वतःची बोट बांधली. डोंगरावर जाऊन पांढऱ्या देवदाराच्या वाकड्या फांद्या स्वतः निवडून तोडल्या, दोन वर्षं खपला, आणि बायकोचं नाव तिला दिलं. कॉरलीन. बायको त्यानंतर तिसऱ्या वर्षी बहिणीच्या लग्नाला म्हणून ब्रुकलिनला गेली आणि तिकडचीच झाली. लोक म्हणाले, नाव तरी बदल. हा म्हणाला, "एक कॉरलीन पळाली म्हणून दुसरीला शिक्षा कशाला?" तेवढंच एक वाक्य त्याच्या तोंडून मला कधी आवडलं असेल.

आधी आम्ही या बेटावरून त्या बेटावर कांदे, सिमेंट आणि रम वाहायचो. मग मोठ्या आगबोटी आल्या, आमचं काम गेलं, आणि लेमनं पाहुणे न्यायला सुरुवात केली. सकाळी नऊला धक्क्यावरून निघायचं, शिडावर दोन तास किनाऱ्याजवळून फिरायचं, मग खडकांच्या कड्यामागच्या शांत पाण्यात वाळूच्या छोट्या बेटापाशी नांगर टाकायचा. पाहुणे पोहतात तोवर मी कोळशाच्या शेगडीवर शेवंडं भाजायची आणि ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात करायची. जेवण, थोडी रम, चारला परत. एका वेळी आठच माणसं. दहाबारा कोंबणारे होते, त्यांना लेम हसायचा. "नववं माणूस आलं की ती जत्रा होते," म्हणायचा. त्या आठांना मात्र तो असा काही खेळवायचा की उतरताना बायका त्याच्या गळ्यात पडायच्या.

खेळवायचा म्हणजे काय, तर माझ्यावर. रोज तीच गंमत. शीड भरलं की तो सुकाणूच्या दांड्याला टेकून उभा राहणार आणि माझ्याकडे हनुवटी करून म्हणणार, "ही माझी बहीण. एवढी वर्षं झाली, अजून गिऱ्हाईक मिळेना. तुमच्यात कोणी विधुर असेल तर बघा, भांड्यांसकट देतो." की आठही जण हसणार. मग म्हणणार, "दात आहेत तिला, पण चावते." परत हसणार. वर्षाला दीडशे दिवस, पंचवीस वर्षं. किती वेळा झाली ते आकड्यात हुशार असलेल्या बाईला विचारू नका. मी पण हसायची. पाहुण्यांना वाटायचं, काय गोड बहीणभाऊ आहेत.

लेमचे डोळे कधीपासून जायला लागले ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण त्यानं कोणाला कळू दिलं नाही. ग्रेनाडाच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. थेंब घालायला दिले होते. ते थेंब मासेमारीच्या जाळ्यांच्या पेटीत सापडले, झाकणाचं सील न फोडलेले. हे सगळं मागाहून कळलं. तोवर तो अनवाणी चालायचा, पायानं फळ्या ओळखायचा, दोराला हात लावून शिडाची खबर घ्यायचा, आणि कोणी समोरून आलं तर पहिला स्वतः बोलायचा, म्हणजे समोरच्याच्या आवाजावरून माणूस कळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाला वाटायचं, म्हातारपणी लेम बोलका झाला.

मग ते वादळ आलं. आमच्या बेटावर त्यानं किती छपरं ठेवली हे सांगायला एका हाताची बोटं पुरतात. डोंगर असे उघडे पडले की झाडाला पान नाही. आईच्या घराचं, म्हणजे मी राहायची त्या घराचं पांढरं छप्पर, जे मी दरवर्षी नाताळाआधी चुन्यानं रंगवायची, ते उडून कोणाच्या रानात पडलं देव जाणे. कॉरलीनला लेमनं खारफुटीत आत नेऊन बांधलं होतं. तिची डोलकाठी मोडली, एक कूस फाटली. तो पाच महिने खपून ती बरी करत होता, आणि मी ताडपत्रीखाली राहत होते. माझ्या घराला एक खिळा मारायला तो आला नाही.

आला तो बोट तयार झाल्यावर. सकाळची वेळ होती, मी दारात मासे साफ करत होते. पायरीची कड हातानं चाचपून बसला.

"टिल्डी," म्हणाला, "या डोंगरावर आपलं घर कुठलं ते समुद्रातून कळत नाही गं."

"सगळ्यांच्याच घरावर निळ्या ताडपत्र्या आहेत. मग?"

"मला कळत नाही."

"नीट बघ म्हणजे कळेल."

तेव्हा त्यानं सांगितलं. समोर, अगदी नाकासमोर, किल्लीच्या भोकातून बघावं एवढं दिसतं. त्या भोकात जे येतं ते लख्ख. बाजूला सगळा काळोख. खडकाच्या कड्यातून आत शिरायची वाट एका बोटीपुरती असते. आमच्याकडे ती खुणेनं सापडते. मागे डोंगरावर जुन्या पवनचक्कीचा दगडी बुरूज आहे, त्याच्या बरोबर खाली आईचं घर दिसलं पाहिजे. घर बुरुजाखालून सरकलं की बोट वाटेवरून सरकली. आईचं पांढरं छप्पर डोंगरावर एकटंच चमकायचं, म्हणून मान मागे वळवली की ते त्या भोकात पटकन सापडायचं. आता पन्नास निळ्या चौकोनांत तो शोधणार कसा?

"मग बंद कर पाहुणे नेणं," मी म्हटलं.

"आणि काय करू? तुझ्यासारखा पायरीवर बसून मासे खरवडू?"

मागायला आला होता आणि तोंड तेच. मी त्या क्षणी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण माझं एक काम त्याच्याकडे अडलं होतं, नऊ वर्षं.

आमची आई अडेला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तिच्या थडग्यावर अजून दगड उभा नव्हता. आमच्यात माणूस पुरलं म्हणजे संपत नाही. दगड उभा होईपर्यंत ते उंबऱ्यावरच असतं, स्वप्नात येतं, भूक लागली म्हणतं. दगड आणायचा, पांढऱ्या चादरीत गुंडाळून एक रात्र घरात निजवायचा, ढोल वाजवायचे, गावजेवण घालायचं, आणि थोरल्या मुलानं त्याच्यावर रम आणि पाणी ओतून तो बसवायचा. थोरल्याच्या हातानंच. मुलगी कितीही शहाणी असली तरी तिचं चालत नाही. दगड मी ग्रेनाडाला जाऊन घडवून आणला होता, मांडीवर डोकं घेऊन बसावं तशी डेकवर त्याच्यापाशी बसून. तो लेम बोटीचं सामान ठेवायचा त्या किनाऱ्यावरच्या पडवीत चादरीत ठेवला होता. दरवर्षी मी विचारायची, दरवर्षी हा म्हणायचा, "सीझन संपू दे." सीझन संपला की, "पाऊस संपू दे." आई माझ्या स्वप्नात यायची. त्याच्या कधी आली नाही, असं तो म्हणायचा. वादळानंतर तर म्हणाला, पडवीची भिंत दगडावर पडली आहे, उकरून काढायला हवी.

"आईच्या दगडाचा दिवस सांग," मी म्हटलं. "आत्ता. मगच तुझ्या बोटीवर पाय ठेवीन."

"ईस्टरनंतरचा शनिवार."

"शपथ?"

"आईची," म्हणाला.

तसं आमचं ठरलं. मी पूर्वीसारखी डोलकाठीपाशी, वाळूच्या पेटीत ठेवलेल्या शेगडीपुढे बसायची, पण आत शिरताना तोंड मागे करून. म्हणजे मला त्याचं तोंड दिसणार आणि त्याच्या पाठीमागे डोंगर, बुरूज, घर. तो सुकाणूवर, तोंड पुढे. घर बुरुजाच्या डावीकडे सरकलं की मी भातवाढणीची लोखंडी पळी पातेल्याच्या काठावर एकदा आपटायची. उजवीकडे सरकलं की दोनदा. घर जागेवर असलं की काहीच नाही. गप्प म्हणजे ठीक, सरळ चल. पाहुण्यांना वाटायचं बाई पळीला चिकटलेला भात झटकते आहे. एक जण तर म्हणाला होता, स्वयंपाकाला काय ताल आहे. दोन महिने असे सगळे पाहुणे मी त्या वाटेतून आत नेले आणि बाहेर आणले, आणि त्या दोन महिन्यांतही माझ्या लग्नाची गंमत रोज झाली. एक दिवस चुकली नाही. डोळे माझे, आणि वर मलाच भांड्यांसकट विकणार.

फेब्रुवारीतला तो मंगळवार. वारा चांगला होता, पाणी जरा चढलेलं. पाहुण्यांत एक मोठ्या टोपीवाली बाई होती, नवरा वारल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडलेली, ती माझ्या शेजारीच येऊन बसली आणि तूर सोलायला मागू लागली. मी दिली. लेमनं गंमत केली. सगळे हसले, ती बाई हसली नाही. म्हणाली, "तुमच्या भावाला कोणी सांगत नाही का?" मी म्हटलं, "काय सांगायचं?" तिनं परत शेंगा सोलायला घेतल्या.

रमचं सरबत आम्ही बोटीच्या तळात ठेवायचो, फळ्यांखाली, नीरम म्हणून टाकलेल्या दगडांच्या मध्ये. बोट शिडाच्या वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तळाला वजन लागतं. खाली गार असतं, बाटल्या गार राहतात. वादळानंतर लेमनं तिथलं काम स्वतःकडे घेतलं होतं. "तळात हात घालायचा नाही, माझं सगळं मापानं लावलेलं आहे," म्हणायचा, आणि बाटल्या स्वतः काढून द्यायचा. त्या दिवशी पाणी असं होतं की त्याला सुकाणू सोडता येईना, आणि पाहुणे तहानलेले. कोणी तरी विचारलं, गार काही आहे का? मी उठले, पुढची फळी काढली आणि हात घातला.

पहिली बाटली हाताला लागली. दुसऱ्या बाटलीखाली हात लावला तर दगड गुळगुळीत. नीरमाचे दगड समुद्रातले, खरबरीत असतात. बोटं त्याच्यावरून फिरली आणि खाचेत गेली. मी वाकून बघितलं. 'अडेला क्वा' एवढं वाचता येत होतं. पुढचा तुकडा तिथं नव्हता. तो दुसऱ्या बाजूला पालथा होता, तळातल्या तेलकट पाण्यात. आणि फासळ्यांच्या फटीत, दगड हलून आवाज करू नये म्हणून, आईची पांढरी चादर बोळे करून कोंबली होती.

मी बाटल्या घेऊन वर आले. ग्लास भरले. टोपीवाल्या बाईला सरबत जास्त गोड लागलं, मी तिच्या ग्लासात लिंबू पिळलं. माझ्या आईच्या छातीवर सरबताच्या बाटल्या ठेवून हा माणूस वर्षाच्या वर्षाला मला म्हणतो, सीझन संपू दे.

"आत घेतोय," लेम ओरडला.

मी माझ्या जागेवर बसले, पळी हातात घेतली. घर बुरुजाखाली होतं. मग शिडात एक झोत आला आणि बोट जराशी घसरली. घर उजवीकडे सरकलं. आधी थोडं, मग भिंतभर, मग पुरतं बाहेर. दोन ठोके. माझ्या मनगटानं ते आपोआप मारले असते, इतकी सवय. मी पळी मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दुसरा हात ठेवला.

लेमकडेच माझं तोंड होतं. त्याच्या कपाळाला आठी पडली. मान थोडी माझ्या बाजूला कलली, दाराबाहेर कोणी हाक मारली का ते ऐकावं तशी. मी पळीवरचा हात उचलला नाही. त्यानं ओठ मिटले, दांडा तसाच सरळ धरला, आणि आम्ही गेलो.

त्या आठ जणांचं काय, असं तुम्ही विचाराल. पोलिसानं विचारलं नाही, पाद्र्यानं विचारलं नाही, पण तुम्ही विचाराल. मला त्यांची आठवण झाली नाही. खोटं कशाला बोलू.

लाकडाचा आवाज मी पुष्कळ ऐकला आहे, पण आपल्या बुडाखालून तो येतो तेव्हा दातात कळ जाते. बोट थांबली, लाटेनं उचलली आणि परत आपटली. शेगडी उलटली. टोपीवाली बाई शेगडीच्या पेटीवर पडली, तिचं मनगट मोडलं, कोपरापर्यंत भाजलं. बाकीच्यांना खरचटलं. मला काहीच झालं नाही. आणि मला आनंद झाला. त्या क्षणी, तिथं, शेवंडं पाण्यात तरंगत होती आणि बायका रडत होत्या, तेव्हा माझ्या पोटात गार गार वाटलं.

रॉल्स्टन नावाचा एक जण आमच्या गावात फायबरची मोठी बोट चालवतो, इंजिनाची. तो वाळूच्या बेटापाशीच होता, लगेच आला. त्याच्या पाहुण्यांनी हात देऊन आमची सगळी माणसं डाव्या बाजूनं उतरवून घेतली. मलाही घेतलं. कॉरलीन रिकामी झाली आणि लेम एकटा उरला. सुकाणू हातात धरून तो उजवीकडच्या रिकाम्या बाकाकडे तोंड करून उभा होता आणि आपल्या त्या गोड आवाजात सांगत होता, "कोणी घाबरू नका. सगळे बसून राहा. कप्तान आहे तोवर काळजी नाही."

रॉल्स्टनच्या बोटीवर सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. मग रॉल्स्टन म्हणाला, "कप्तान, माणसं इकडं आहेत."

लेमनं तोंड वळवलं, पण जास्त वळवलं. आता तो नुसत्या समुद्राकडे बघत होता. "हां, इकडंच," म्हणाला. "बसून राहा."

कोणी तरी हसलं. मग एक माणूस म्हणाला, "अरे, हा तर आंधळा आहे." आणि त्यानं फोन वर धरला.

दुसऱ्या दिवशी ते गावात प्रत्येकाच्या फोनवर होतं. बंदराच्या कचेरीतून दोघं आले आणि त्याचं लायसन घेऊन गेले. आमच्या गावाची जीभ तशी पहिल्यापासून तिखट. लेमनं ज्यांची ज्यांची नक्कल केली होती, ज्यांना ज्यांना टोपणनावं ठेवली होती, ते सगळे फेडायला आले. रमच्या दुकानात तो शिरला की दुकानदार म्हणायचा, "कप्तान, माणसं इकडं आहेत." पोरं डोळे मिटून, हात पुढे करून त्याच्या मागून चालायची. तो थांबला की ती थांबायची. एकदा त्यांनी त्याच्या वाटेत एक शेळी आडवी बांधून ठेवली. तो पडला, उठला, शेळीची माफी मागितली. मी ते खिडकीतून बघितलं. बाहेर गेले नाही.

कॉरलीन तीन दिवस खडकावर होती. तिसऱ्या दिवशी उत्तरेकडून मोठ्या लाटांचा फुगारा आला आणि तिच्या फासळ्या एकेक करून मोकळ्या झाल्या. लेमनं धक्क्यावर बसून ते ऐकलं. डोलकाठी पडली तेव्हा मला विचारलं, "डोलकाठी का?" मी हो म्हटलं. मग मी त्याला विचारलं, सरळच.

"आईचा दगड तळाशी का टाकलास?"

तो दचकला नाही. मला कळलं आहे हे त्याला बहुतेक तेवढ्यात कळलं. "वादळात भिंत पडून दोन तुकडे झाले," म्हणाला. "तुला कोणत्या तोंडानं दाखवणार होतो? नीरम तर सगळं वाहून गेलं होतं. वजन हवं होतं."

"म्हणून आईवर बाटल्या ठेवल्यास."

"पायाखाली ती असली की मला भीती वाटायची नाही गं," तो म्हणाला. "दिसत नसताना."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू मला मारलं असतंस."

हे खरं होतं.

रॉल्स्टनची माणसं बुडी मारून दोन्ही तुकडे वर घेऊन आली. गवंड्यानं ते जोडले, मधून एक रेघ राहिली. लेमनं आईच्या शपथेचा शनिवार पाळला. न पाळून करणार काय होता? आदल्या दिवशी दगड नव्या चादरीत माझ्या घरात निजवला. सकाळी तो मी, चार माणसं आणि ढोलवाले असे डोंगरावर घेऊन गेलो. लेमला हाताला धरून मी नेलं. त्यानं रम ओतली, पाणी ओतलं, दगड बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी गाणं धरलं. नऊ वर्षं मी ज्या दिवसाची वाट बघितली तो असा अर्ध्या तासात झाला.

दुपारी अंगणात जेवणं चालली होती. मी लेमला सावलीत बसवून ताट दिलं, मक्याचा सांजा, भाजलेलं मटण, तूर. शेजारी कोणी नव्हतं. तो दोनचार घास जेवला आणि म्हणाला, "टिल्डी, एक सांगू? त्या दिवशी मला पाणी तपकिरी दिसलं होतं."

"कधी?"

"आपटायच्या आधी. खडक बरोबर त्या भोकात आला. पाचसहा बोटी मावतील एवढं अंतर होतं. दांडा ओढला असता तर वळली असती ती. ती फार गुणी होती."

माझ्या हातात वाढणी होती. "मग वळला का नाहीस?"

"तू वाजवलं नाहीस," तो म्हणाला. "मी वाट बघितली. तू गप्प, म्हणजे ठीक. मला वाटलं, माझे डोळे आता नसलेलं पण दाखवायला लागले. तू तर बघत होतीस."

"मी बघत होते," म्हटलं.

"तेच तर. चूक माझीच, दांडा हातून असा झटकन सरकला असेल की तुला वाजवायला सवडच मिळाली नाही." त्यानं माझा हात चाचपून मनगट धरलं. "पण हे गावात कोणाला सांगू नकोस. आंधळा होता म्हणून आपटला म्हणतात, ते म्हणू दे. कप्तानाला खडक दिसला आणि तरी तो सरळ गेला, असं म्हणायला नको. तुझ्याशिवाय माझं कोण आहे? शपथ घे."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"आईची?"

"आईची."

त्यानं मनगट सोडलं आणि ताट पुढे केलं. मी त्याला आणखी तूर वाढली.